साडेचार इंच

ताईला घाणीचा तिटकारा होता. तो कुणाला नसतो म्हणा, पण ताईचं प्रकरण जरा पुढचं होतं. शेजारी कुणी शिंकलं की ती उठून खिडकी उघडायची. दाराच्या कडीला हात लावण्याआधी रुमाल काढायची. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्यातून पाणी प्यायचं नुसतं मनात आलं तरी तिच्या घशाशी यायचं. इंजिनांच्या कारखान्यात नोकरी करायची आणि वर हे चोचले, असं लोक म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ट्रेसिंगच्या खोलीतल्या बाकी सहाजणी तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे नाकबाई. तिला ते ठाऊक होतं. "म्हणू देत," ती घरी धाकट्या बहिणीला सांगायची. "त्यांची नाकं धुरानं मेलीत, माझं अजून जिवंत आहे."

पण तिच्या हाताला तोड नव्हती. ड्रॉइंग ऑफिसातले साहेबलोक पेन्सिलीने कागदावर इंजिनं काढायचे. त्या कागदावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघन् रेघ, आकडान् आकडा काळ्या शाईने वर उतरवायचा, हे या बायकांचं काम. त्या कापडावरून निळ्या प्रती निघत, आणि निळी प्रत बघून खाली शॉपमध्ये लोखंड कापलं जाई. म्हणजे कापडावर जे उतरलं तेच खरं. साहेबाच्या मनात काय होतं ते लोखंडाला कुठून कळणार? ताईचं अक्षर छापल्यासारखं होतं, आणि तिचा चार कोणता नि दुसरीचा चार कोणता हे शॉपमधला हमालसुद्धा सांगायचा.

हे कापड म्हणजे तलम सुती कापड, खळ चढवून आणि घोटून काचेसारखं केलेलं. एखादं ट्रेसिंग रद्द झालं तर असलं कापड फेकून कोण देईल? खोलीचा जुना रिवाज होता की रद्द झालेलं ट्रेसिंग जिने काढलं तिचं. घरी न्यायचं, गार पाण्यात भिजत घालायचं. खळ सुटली की तिच्याबरोबर शाईही निघून जाते. मग उकळून वाळवलं की असं मऊ कापड हाती येतं की दुकानात मागून मिळणार नाही. ताईच्या घरातले रुमाल, उशांचे अभ्रे आणि धाकटीच्या दहा महिन्यांच्या पोरीची झबली, सगळी मूळची इंजिनं होती. कधीमधी एखादी फिकट रेघ राहून जायची. "ही बघ, सिलिंडर घालून बसलीय," असं धाकटी लेकीकडे बघून म्हणायची.

तर असल्या या लख्ख पांढऱ्या खोलीत एके सकाळी ठोक्या शिरला. ठोक्या म्हणजे बॉयलर शॉपचा मिस्त्री. पस्तीस वर्षं त्याने बॉयलरचे बोल्ट हातोडीने ठोकून, कोणता धड आणि कोणता तुटका हे सांगायचं काम केलं होतं, म्हणून हे नाव. त्या ठोकाठोकीत कान कामातून गेले. मग हातोडीच्या दांड्यातून जे हाताला लागतं त्यावरून तो बोल्ट ओळखू लागला, आणि लोक सांगत की कान होते तेव्हापेक्षा आता त्याचं कमी चुकतं. बाकी माणूस म्हणजे नुसता ओंगळ. अंगाला काजळीचा, तंबाखूचा आणि शिळ्या घामाचा वास, नखांत वर्षांचं वंगण, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार अशा थाटात ओरडून बोलणं. जिन्यावरून त्याची पावलं वाजली तेव्हाच ताईने नाकाला रुमाल लावला होता.

"नव्या बॉयलरचं मूळ कापड दाखवा," तो खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाला. "निळ्या प्रतीवर काहीतरी चुकलंय."

"माझ्या प्रतीवर काही चुकत नाही," ताई म्हणाली. त्याला अर्थातच ऐकू गेलं नाही. शेवटी त्याला घालवायचं म्हणून तिने ड्रॉवर ओढला आणि ट्रेसिंग काढून टेबलावर पसरलं.

इथे बॉयलरबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. बॉयलरच्या मागच्या अंगाला आगीची पेटी असते. पेटीच्या आत आग, बाहेर चहूकडून पाणी, आणि वाफेचा सगळा दाब पेटीच्या छतावर. ते छत खाली बसू नये म्हणून शेकडो लांब बोल्टांनी त्याला वरच्या जाड पत्र्याला टांगून धरलेलं असतं. दोन बोल्टांत किती अंतर ठेवायचं, यावर इंजिनावरच्या माणसांचा जीव. जुन्या इंजिनांत दाब होता दर चौरस इंचावर एकशे साठ पौंड. नव्या इंजिनात ड्रॉइंग ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी तो दोनशे वीसवर नेला होता, आणि त्यावर त्यांची बढती की काय ती अवलंबून होती. पण दाब वाढला की सगळंच दणकट करावं लागतं, दणकट केलं की वजन वाढतं, आणि वाटेतले जुने पूल ते वजन पेलत नव्हते. वर्षभर साहेब इथून चिमूटभर, तिथून मूठभर वजन काढत बसले होते. शेवटी ते छताच्या बोल्टांपाशी आले. चार इंचांवर एक बोल्ट होता, तो साडेचार इंचांवर गेला. सत्तरेक बोल्ट एका फटक्यात कमी झाले, आणि इंजिन वजनात बसलं.

ठोक्याने ट्रेसिंगवर वाकून पाहिलं आणि त्या आकड्यावरच आपला अंगठा टेकवला. उजवा अंगठा, मधोमध छिन्नीच्या जुन्या जखमेची आडवी खाच असलेला, वंगणाने ओथंबलेला.

"हे साडेचार आहे ना? चार इंचांच्या वर मी जन्मात कधी गेलो नाही. आणि दाब तर वाढवलाय तुम्ही."

ताईचं त्याच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. ती त्या अंगठ्याकडे बघत होती. सहा दिवस मान मोडून काढलेलं काम, आणि त्यावर हा. "हात उचला," ती इतक्या जोरात ओरडली की त्यालासुद्धा ऐकू गेलं. त्याने अंगठा उचलला तर खाली तपकिरी ठसा, खाचेसकट, आणि ठशातून दिसणारा तिचा सुबक आकडा.

आवाज ऐकून मोठे साहेब केबिनमधून बाहेर आले. हसून त्यांनी ठोक्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्त्री, गणित आमच्यावर सोडा. तुम्ही भोकं पाडा." हे त्याला किती कळलं कुणास ठाऊक, पण साहेबांनी मान डोलावली म्हणून त्यानेही डोलावली आणि तो गेला. साहेब आत जाऊन कोपऱ्यातल्या बेसिनवर साबणाने हात धूत असलेले ताईला दिसले, आणि तिला त्यांच्याबद्दल फार बरं वाटलं. या एवढ्या कारखान्यात साबणाचा वास येणारा एकच माणूस होता, आणि तिला खोलीची मुख्य करणाराही तोच होता. ठशावर तिने पेट्रोल लावून पाहिलं, खडूची पूड चोळून पाहिली. वंगण कापडात मुरलं होतं. आठवडाभर ती ड्रॉवर उघडायची आणि ठोक्याच्या नावाने बोटं मोडायची.

आठ महिन्यांनी नवं इंजिन रुळांवर आलं. पहिल्या तीन चाचण्या झकास झाल्या. चौथ्या चाचणीत, चढावर, पूर्ण दाबावर आगीच्या पेटीचं छत बोल्टांतून सुटून खाली आलं. ड्रायव्हर त्या क्षणी सिग्नल बघायला बाहेर झुकला होता म्हणून वाचला. फायरमन पेटीच्या दारासमोर कोळसा टाकत उभा होता. तो तीन दिवस हॉस्पिटलात जिवंत होता, आणि तसले तीन दिवस वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत.

इंजिन ओढून शेडमध्ये आणलं. फुटलेल्या छताची आकृती हवी होती. साहेब स्वतः गेले नाहीत. तिथला वास आपल्याला सोसत नाही, असं म्हणाले आणि ताईला पाठवलं. म्हणजे नाकबाईला. ताई रुमाल बांधून गेली. पेटीचं छत ओल्या चादरीसारखं लोंबत होतं आणि त्याच्या भोकांतून बोल्ट दातांसारखे उपटून आले होते. ओल्या राखेचा वास येत होता, आणि त्या राखेखाली आणखी एक वास होता, जो काय होता ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. पेटीच्या आत, त्या छताखालीच, ठोक्या मोजपट्टी घेऊन उकिडवा बसला होता.

"ताई, लिहून घ्या," तो आतून ओरडला आणि पेटीभर आवाज घुमला. "साडेचार. इथेही साडेचार, तिथेही साडेचार. कापडावर होतं तेच केलंय मी. तुम्हाला माहीत आहे ना?"

ताईने आकृती पुरी केली, बाहेर आली आणि भिंतीशी वाकून ओकली. दोन दिवस तिच्या नाकातून तो वास गेला नाही. तिने केस तीनदा धुतले.

शनिवारी दुपारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. टेबलावर दोन वस्तू होत्या. अंगठ्याचा ठसा असलेलं तिचं जुनं ट्रेसिंग, आणि नव्या कापडाची घडी.

"बाई, सोमवारी चौकशी समिती बसतेय," साहेब म्हणाले. "या ट्रेसिंगमध्ये एक चूक राहून गेलीय. मी चार इंच ठरवलं होतं. साडेचार कसं आलं, देव जाणे. आता मूळ पेन्सिलीचा कागद मी बघितला, त्यात चारच आहे. ट्रेसिंग त्याच्याशी जुळायला हवं. नंबर तोच, तारीख तीच. हे तुमच्या हातानेच व्हायला हवं, दुसऱ्या कुणाचं अक्षर चालणार नाही."

ताईला पेन्सिलीचा कागद चांगला आठवत होता. त्यात साडेचारच होतं. तिने दबल्या आवाजात तेवढं म्हटलं.

"आठवणीचं काय हो," साहेब म्हणाले, अगदी मायेने. "समितीने विचारलं की कागदात चार असताना कापडावर साडेचार कुणी लिहिलं, तर तुमचंच नाव येईल. मला ते नको आहे. मी तुम्हाला वाचवतोय, बाई."

"आणि बॉयलरला भोकं साडेचारवर आहेत ती?"

"मिस्त्रीचं वय झालंय. ऐकू येत नाही, दिसतही कमीच असेल." साहेबांनी कपातला चहा संपवला आणि रुमालाने ओठ टिपले. "शॉपमधली निळी प्रत मी चौकशीसाठी म्हणून मागवून घेतली आहे. आणि हे जुनं कापड तुम्ही घरी न्या. तुमच्या त्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे. भाचीची झबली होतील."

बघा म्हणजे. माणूस मेलाय, दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर त्याचं खापर फोडायचंय, आणि हा गृहस्थ झबल्यांची गोष्ट काढतो. कापड जाळायचं तर केबिनमध्ये धूर झाला असता, हाताला राख लागली असती. त्यापेक्षा बाईच्या घरच्या टबात परस्पर नाहीसं झालेलं बरं. इथून पुढे मी त्याला अहोजाहो करणार नाही.

पण ताईला तेव्हा हे सुचलं नाही. ती घाबरली होती. तिने नवं कापड उचललं आणि आपल्या टेबलाशी येऊन बसली. खोली रिकामी झाल्यावर तिला छताची आकृती आणि सगळे आकडे, सगळी अक्षरं उतरवायची होती. बाकीच्या नुसत्या रेघा साहेबाने मदतनिसाकडून आधीच काढून घेतल्या होत्या. तिने शाई ढवळली. तिला वाटत होतं, हात थरथरेल, थेंब पडेल, काहीतरी बिघडेल. छे. हात असा चालला की बघत राहावं. चारचा आकडा तर जन्मात इतका देखणा निघाला नव्हता. शाई वाळल्यावर तिने त्या आकड्याकडे पाहिलं, आणि स्वतःच्या बोटांची तिला अशी शिसारी आली की पाल अंगावर पडावी तशी तिने ती झटकली.

घरी येऊन जुनं ट्रेसिंग तिने ट्रंकेवर टाकलं आणि हात धुवायला गेली. धाकटी म्हणाली, "अगं किती वेळ धुतेस, साबण संपेल." ताई जेवली नाही. पोरीला मांडीवर घेतलं तर पोरीच्या झबल्याच्या कडेला एक फिकट रेघ होती, आणि तिने पोर खाली ठेवली.

रविवारी सकाळी दारावर थाप पडली. बाहेर ठोक्या उभा होता. ताईने त्याला आधी ओळखलंच नाही. त्याने अंघोळ केली होती, दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि हात मागे लपवले होते, लहान पोरं लपवतात तसे. तिच्या दारात घाण नको म्हणून तो असा आला होता, हे तिला कळलं.

"आत येत नाही," तो मोठ्याने म्हणाला. "एवढंच विचारायला आलो. उद्या समितीपुढे मला बोलावलंय. साहेब म्हणतात, कापडावर चार होतं. विसरले असतील, कामाचा माणूस. पण ताई, माझा अंगठा आहे ना त्याच्यावर. त्या आकड्यावरच. तुम्ही ओरडला होतात मला. ते कापड काढून दाखवा म्हणजे झालं. नाहीतर फायरमनचा जीव माझ्या माथी येतोय. त्याच्या बायकोपुढे जाऊन काल उभा राहिलो, तर तिने दार लावून घेतलं."

ताई म्हणाली, "मला आठवत नाही."

त्याने कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

आणि मग तिला ते पुन्हा म्हणावं लागलं, घसा ताणून, समोरच्या घरातली बाई खिडकीत येऊन बघेल इतक्या जोरात. "मला आठवत नाही."

माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान पुटपुटतो तरी. ताईला ते ओरडून सांगावं लागलं. ठोक्या रागावला नाही. "बरं," म्हणाला, आणि जाताना पायरीवर पडलेला आपल्या बुटाचा चिखल त्याने वाकून हाताने पुसला.

ताई दार लावून भिंतीला टेकली. आतापर्यंत तिला घाण म्हणजे नखातली, अंगावरची, पाण्याने निघणारी एवढीच माहीत होती. आता जी तिच्या जिभेवर बसली होती ती कुठल्या साबणाने निघणार? तिला साहेबाचा साबणाचा वास आठवला. शेडमधल्या वासापेक्षा तो वास वाईट होता, आता तिला कळत होतं. मग ती म्हणाली, स्वतःशीच, "होऊन जाऊ दे काय व्हायचं ते," आणि ट्रंकेकडे गेली.

ट्रंकेवर काही नव्हतं.

"धाकटे," तिने हाक मारली. "इथलं कापड कुठाय?"

"सकाळीच भिजत घातलं की," धाकटी मोरीतून म्हणाली. "पोरीला झबली कुठे उरलीत. आणि कसलं घाणेरडं होतं गं ते, वंगणाचं बोट काय लागलेलं. तू कशी आणलीस असली वस्तू घरात?"

ताई मोरीत धावली. टबातलं पाणी काळं झालं होतं. तिने बाही न सरकवता दोन्ही हात आत घातले. सुटलेली खळ हाताला बुळबुळीत लागत होती, शेंबडासारखी, आणि एरवी ती असल्या स्पर्शाने किंचाळली असती. कापड तिने वर ओढलं. बॉयलर गेला होता. रेघा गेल्या होत्या, शीर्षक गेलं होतं, नंबर, तारीख, सही, सहा दिवसांचं काम, सगळं त्या काळ्या पाण्यात. तिने हाताला आलेलं टोक पलटून पाहिलं. पांढरं, लोळागोळा झालेलं, निर्दोष कापड. उद्या कुणी विचारलं तर ती दाखवणार काय? ती पुढच्या घड्या चाचपू लागली.

"काय झालं तरी काय?" धाकटी घाबरली.

तेवढ्यात ताईच्या हाताला कापडात एक कडक जागा लागली. तिने ती उलगडली. अंगठ्याएवढा तपकिरी डाग होता, आणि त्यावर पाण्याचे थेंब चिकटत नव्हते, ओघळून जात होते. वंगण मुरलं होतं तिथे पाणी शिरलंच नव्हतं. खळ जागच्या जागी होती, घोटलेली चकाकी होती, छिन्नीची आडवी खाच होती. आणि खाचेच्या वर, कालच काढल्यासारखा काळाभोर, तिच्या हातचा आकडा. साडेचार. दोन्ही बाजूंना बाणाची टोकं आणि एका बोल्टाचं अर्धं वर्तुळ.

ज्या डागासाठी ताईने त्या माणसाला आठवडाभर शिव्या दिल्या होत्या, पेट्रोल लावलं होतं, खडू चोळला होता, तेवढंच उरलं होतं. बाकी सगळं स्वच्छ झालं होतं.

"हे उकळू नकोस," ती म्हणाली. "इस्त्री लावू नकोस. सावलीत वाळत घाल."

सोमवारी समिती मोठ्या हॉलमध्ये बसली. तीन माणसं, मधले पांढऱ्या मिशांचे अध्यक्ष. टेबलावर नवं ट्रेसिंग पसरलेलं, आणि साहेब चांदीच्या पेन्सिलीने त्यातला चार दाखवत समजावून सांगत होता, अगदी साळसूद चेहऱ्याने. "मी मिस्त्रीला दोष देत नाही. पस्तीस वर्षांची सेवा आहे. पण कान, डोळे... दोष कुणाचाच नाही म्हणा, वयाचा आहे." ठोक्या भिंतीशी उभा होता. काय बोललं जातंय ते त्याला कळत नव्हतं. लोकांच्या तोंडांकडे बघून तो अंदाज बांधत होता.

ताईला बोलावलेलं नव्हतं. ती आली, टेबलापाशी गेली, आणि पिशवीतून सुरकुतलेलं कापड काढून त्या देखण्या ट्रेसिंगवर टाकलं.

"हे मूळ ट्रेसिंग," ती म्हणाली. "धुतलेलं आहे. एवढंच राहिलंय. खाली पसरलंय ते मी परवा शनिवारी काढलं, साहेबांनी सांगितलं म्हणून. यात साडेचार होतं, त्यात चार केलं."

साहेब हसला. "बाईंची तब्येत बरी नाही. शेडमध्ये गेल्यापासून..." आणि त्याने ते कापड दोन बोटांनी, टोकाला धरून बाजूला सारलं, मेलेला उंदीर उचलावा तसं. मग ताईकडे पाहिलं. तसं बघणं तिला नवं नव्हतं. आयुष्यभर ती स्वतः तसंच बघत आली होती. फक्त आपल्याकडे तसं बघितलं की कसं लागतं हे तिला आज समजलं.

अध्यक्षांनी कापड ओढून घेतलं, भिंगातून पाहिलं. "अक्षर कुणाचं?"

"दोन्हीकडे माझंच."

"म्हणजे खोटं ट्रेसिंग तुम्ही बनवलंत, असं तुम्ही म्हणताय. याचा परिणाम काय होईल, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"आणि हा ठसा?"

"मिस्त्रींचा. भोकं पाडायच्या आधी ते विचारायला आले होते, तेव्हाचा."

पुढचं सगळं सांगायचा मला कंटाळा आहे. ताईची नोकरी त्याच आठवड्यात गेली, खोटा कागद केला म्हणून, आणि ते बरोबरच होतं. साहेबाची जायला वर्ष लागलं, आणि जाताना त्याला निरोप समारंभ मिळाला, हारासकट. अशा लोकांची हीच तर किळस येते. बोल्ट पुन्हा चार इंचांवर आले, इंजिन वजनात बसेना म्हणून तो बॉयलरच रद्द झाला. पण हे नंतरचं. त्या क्षणी हॉलमध्ये अध्यक्षांनी ठोक्याकडे बघून हात पुढे करायची खूण केली.

ठोक्याला काही उमगलं नाही. त्याने टेबलावरचं पांढरं कापड पाहिलं, ताईला पाहिलं आणि घाईघाईने उजवा हात पाठीमागे नेला. त्या सकाळी तो शॉपमधून थेट आला होता. अंगठा पँटीला घासू लागला. मान खाली.

ताई त्याच्यापाशी गेली. तंबाखूचा वास आला, काजळीचा आला. तिला किळस वाटली नाही असं मी म्हणणार नाही, वाटली, नेहमीसारखीच. तिने रुमाल काढला नाही. त्याचा मागचा हात तिने मनगटाला धरून पुढे आणला, आपल्या दोन्ही हातांत घेतला, टेबलापर्यंत नेला आणि तो खाच पडलेला अंगठा कापडावर, जुन्या ठशाच्या शेजारी धरला.

ठोक्या हात मागे ओढायला लागला. "नको ताई," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान निघाला. "पुन्हा डाग पडेल."

"पडू दे," ती म्हणाली.

त्याने दुसरा हात कानामागे धरला.

"पडू दे," ताई घसा ताणून म्हणाली, आणि त्याचा अंगठा दाबून धरला.